सोनमचं पाणी

कुणाच्या खिशात पेन असतं, कुणाच्या चष्मा, कुणाच्या तंबाखूची पुडी. जयसिंग बनसोडे यांच्या शर्टाच्या खिशात स्टिकर असत, लाल आणि हिरवे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. तयार माल त्यांच्या टेबलावर आला की ते चष्मा कपाळावर चढवायचे, तुकडा डोळ्यांजवळ धरायचे, ‘हं’ म्हणायचे आणि लाल स्टिकर लावायचे. लाल म्हणजे नापास. हिरव्या स्टिकरचं पाकीट नोकरीला लागल्यापासून एकच चाललंय, अशी त्यांची खात्यात चेष्टा व्हायची. ती ऐकून जयसिंगरावांना मनातून फार बरं वाटायचं.

घरी स्टिकर लावायची सोय नव्हती. लग्नानंतर एकदाच त्यांनी भाकरी उजेडाला धरून ‘हं’ म्हटलं होतं. त्या दिवशी अंजनाबाईंनी परातीतलं उरलेलं पीठ त्यांच्या पुढ्यात सरकवलं आणि त्या शेजारी निघून गेल्या. तेव्हापासून घरातला सगळा माल न तपासता पास होत असे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नेसरीहून विहीणबाईंचा फोन आला.

विहीणबाई म्हणजे धोंडुबाई, जावई प्रसेनजीतच्या आई. जयसिंगरावांची एकुलती एक सोनम नेसरीला दिलेली, तिला सातवा महिना संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम झाला की सोनमला कोल्हापूरला आणायचं, इथपर्यंत बोलणी झालेली. जयसिंगरावांनी मागची खोली स्वतः रंगवून घेतली होती, माळ्यावरचा पाळणा खाली काढून त्याच्या कड्यांना तेल दिलं होतं. गल्लीला पाणी एक दिवसाआड, आणि बाळंतिणीला तर रोज कढत पाण्याचं न्हाणं. म्हणून दिवस गेल्याची बातमी आली त्याच आठवड्यात त्यांनी गच्चीवर दोन नवे निळे ड्रम आणून काठोकाठ भरून ठेवले होते. माणसाने पुढचा विचार करावा, या मताचे ते होते.

“जयभीम पावणं,” धोंडुबाई म्हणाल्या. “तुमच्या कोल्लापुरात डेंगीनं धुमाकूळ घातलाय म्हणं.”

“तसं काय न्हाय विहीणबाई. पेपरवाले वाढवून लिहितात.”

“पेपर कोण वाचतंय? माझ्या भावाचा साडू गेलता तिकडं सोयरिकीला. सोयरीक ऱ्हायली बाजूला, ताप घिऊन आला. पोटुशी पोरगी हाय. मी असल्या ठिकाणी पाठवत न्हाय. बाळंतपण गडहिंग्लजला करायचं, तुम्ही बघायला या.”

बघायला या! जयसिंगराव मटकन पलंगावर बसले. मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला बापाने पाव्हण्यासारखं जायचं, कपभर चहा प्यायचा आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायचं! तरी आवाजात इन्स्पेक्टरचा ताठा आणून ते म्हणाले, “विहीणबाई, तुम्ही स्वतः येऊन तपासून जावा. डास दिसला तर पोरगी ठेवून घ्या.”

“येतो की,” धोंडुबाई म्हणाल्या. “दसऱ्याच्या आधीच्या रविवारी येतो. आणि सांगून ठेवतो, माझ्या डोळ्याचं आपरेशन झालंय. आता मला समदं दिसतंय.”

याच सुमाराला गल्लीत आरोग्य खात्याची तेजस्वी नावाची मुलगी आली. तिच्याकडे एक मोठा तक्ता होता, त्यावर तीन चित्रं होती: डास, उंदीर आणि तोंडावर हात न धरता शिंकणारा एक मिशीवाला माणूस. काही रोग किड्यांमार्फत येतात, काही जनावरांमार्फत, काही हवेतून, असं तिने सांगितलं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, हेही सांगितलं. बायकांनी “मिशीवाला आमच्या गणपतरावांसारखा दिसतोय” एवढंच लक्षात ठेवलं. जयसिंगरावांनी मात्र तिला इतके प्रश्न विचारले की शेवटी ती तक्ता गुंडाळत म्हणाली, “काका, मला अजून चार गल्ल्या करायच्यात. तुम्ही आठवड्यातला एक दिवस कोरडा पाळा. सगळी भांडी रिकामी करायची, घासायची, पालथी घालायची. एवढं केलं तरी पुष्कळ झालं.”

एवढंच करून थांबणं जयसिंगरावांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात तीन विभाग उघडले: कीटक विभाग, प्राणी विभाग आणि हवा विभाग. तिन्हींचे प्रमुख ते स्वतः. अंजनाबाईंना त्यांनी सहायक म्हणून नेमलं, फक्त ते त्यांना कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली उठली तेव्हा अर्ध्या गल्लीला लाल स्टिकर लागलेले होते. बॅरेल, पिंप, कुंडीखालची ताटली, टेरेसवरचा टायर, काही म्हणजे काही सुटलं नव्हतं. फुलेवाडी रिंगरोडच्या आतल्या अंगाला असलेली ही गल्ली तशी शांत. पण शांत म्हणजे कोल्हापूरच्या मानाने. तिच्या तोंडाशी आक्कांची पिठाची गिरणी होती. आक्का कुणाच्या आक्का हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या सगळ्यांच्याच होत्या. गिरणीच्या आवाजावर आवाज काढून काढून त्यांचं साधं बोलणंही रिंगरोडपर्यंत पोचत असे.

“जयसिंगऽऽ! माझ्या बॅरेलला ही टिकली कुणी लावली रं?”

“टिकली न्हवं आक्का. ते बॅरेल रिजेक्ट झालंय.”

“रिजेक्ट? अरं, तुझ्या लग्नात ह्याच बॅरेलमधलं पाणी प्यायलंय समदं वऱ्हाड! तवा न्हाय दिसलं तुला?”

जयसिंगराव अपमान गिळून पुढे झाले. मोठ्या कामात असं चालायचंच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मागे वळून पाहिलं तेव्हा आक्कांनी तो स्टिकर काढून गिरणीच्या पट्ट्याच्या चाकावर चिकटवला होता आणि तो गरागरा फिरत होता.

कीटक विभागाची पुढची पायरी म्हणजे डास मारणारी धुराची गाडी. त्यासाठी एक दिवस रजा काढून ते आरोग्य खात्याच्या कार्यालयात गेले. या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून ‘साहेब जेवायला गेलेत’वर, आणि अखेर एका टेबलासमोर पोचले. टेबलामागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, “पेशंट कुठाय?”

“पेशंट न्हाय. पेशंट होऊ नये म्हणून धूर पाहिजे.”

“पेशंटशिवाय गाडी निघत न्हाय, पावणं. गल्लीतला एक पेशंट आणा, रिपोर्ट जोडा, उद्या सकाळी गाडी दारात.”

जयसिंगराव विचारात पडले. पेशंट असल्याशिवाय धूर नाही. पेशंट निघाला की धोंडुबाईंच्या कानावर जाणार, म्हणजे सोनम नाही. सोनमसाठी धूर हवा, आणि धूर आला की सोनम नाही! त्यांचा चेहरा बघून त्या माणसाला बहुधा दया आली. त्याने खालून एक प्लास्टिकची पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. पाण्याने भरलेल्या त्या पिशवीत बारके बारके मासे होते. “गप्पी मासे. डासाच्या अळ्या खातात. ह्याला रिपोर्ट लागत न्हाय.”

बसमध्ये ती पिशवी त्यांनी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून आणली. गल्लीत मासे सोडायला सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पिराजींच्या म्हशींचा हौद. पिराजी एकेकाळचे पैलवान. आता कुस्ती सुटली होती, दूध मात्र सुटलं नव्हतं. दोन म्हशी बाळगून होते आणि सकाळ-संध्याकाळ गल्लीला दारात धार काढून देत. हौदात मासे सोडले म्हणजे कीटक विभाग आणि प्राणी विभाग एका दगडात आटोपतात, असा जयसिंगरावांचा हिशेब. पिराजी वैरण आणायला गेलेले बघून त्यांनी गुपचूप पिशवी रिकामी केली.

सकाळी बघतात तो हौदात एकही मासा नाही. म्हशी तेवढ्या तृप्त चेहऱ्याने रवंथ करत उभ्या होत्या.

“काय शोधताय सायेब?” मागून पिराजींचा आवाज आला.

खोटं बोलायची सवय नसल्यामुळे जयसिंगरावांनी खरं सांगितलं. पिराजी ऐकत राहिले. मग त्यांची मान हळूहळू फुगू लागली.

“माझ्या म्हशीला तुम्ही मासं खायला घातलं? सायेब, माझी म्हस शाकाहारी हाय! सात पिढ्या शाकाहारी!”

“घातलं न्हाय. ती आपणहून प्यायली.”

“तिला काय कळतंय? मुकं जनावर ते! तुम्हाला कळाय नको?”

पुढे काही दिवस पिराजींच्या दारात दुधाच्या रांगेत दुसरा विषयच नव्हता. एक बाई रोज भांड्याला नाक लावून वास घ्यायच्या. गणपतराव तर एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात हयात गेलेले कंट्रोलर, ते लांबूनच पुकारायचे, “पिराजी, आजचं दूध शाकाहारी का मांसाहारी?”

या गणपतरावांचीच पाळी हवा विभागात आली. ते रोज सकाळी जयसिंगरावांच्या कट्ट्यावर बसून पेपर वाचत आणि पोटातून, खणखणीत, पुढच्या चौकात ऐकू जाईल असं खोकत. तक्त्यावरचा मिशीवाला जयसिंगरावांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी मास्कची नवी पेटी आणली आणि अतिशय नम्रपणे एक मास्क पुढे केला. गणपतरावांनी तो घातला. कोल्हापूरचा माणूस मान ठेवून दिलेली वस्तू नाकारत नाही. मग त्यांना खोकला आला. त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला, मनसोक्त खोकले आणि मास्क पुन्हा जागेवर बसवला.

“अहो गणपतराव, खोकतानाच तो पाहिजे!”

“मग खोकणार कसं? आत कोंडून मरू काय?” गणपतराव म्हणाले, आणि पेपर घेऊन रागारागाने समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. तिथून खोकला जरा जास्तच स्पष्ट ऐकू येत होता.

असं करता करता रविवार जवळ आला. गल्लीत डास तेवढेच राहिले, बोलणारी माणसं तेवढी कमी झाली. शेवटी आक्कांनी जयसिंगरावांना गिरणीवर बोलावून घेतलं. तिथे पिराजी होते, गणपतराव होते, दळण घेऊन आलेल्या बायका होत्या. आक्कांनी गिरणी बंद केली. एवढी मोठी गोष्ट गल्लीत फार क्वचित घडत असे.

“जयसिंग, तुला झालंय काय? माझ्या बॅरेलला टिकल्या, पिराजीच्या म्हशीला मासं, गणपतरावाच्या तोंडाला फडकं. कुणी करणी केल्यागत वागालायस की!”

जयसिंगरावांनी खिशातला स्टिकरचा गठ्ठा चाचपला. कंपनीतल्यासारखं ठणकावून बोलायचं त्यांनी ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच आलं. “ते सोनमला पाठवत न्हाईत, आक्का.”

 मग फोनपासून सगळं सांगून टाकलं. गिरणीत पिठाची धूळ तेवढी तरंगत होती. 

“आणि हे तू आत्ता सांगतोस?” आक्का ओरडल्या, पण या वेळचं ओरडणं वेगळं होतं. “अरं शाण्या, सोनमला ह्या मांडीवर न्हाऊ घातलंय मी! शाळेत जाताना माझ्या गिरणीच्या पायरीवर बसून बूट घालायची ती. तुझी एकट्याची हाय व्हय पोरगी?”

“मला वाटलं डासाचं कायतरी येड डोक्यात शिरलंय,” पिराजी पुटपुटले. “सोनमसाठी म्हणाला असता तर म्हशीला मी आपणहून मासं चारलं असतं.”

ठरलं. शनिवारी सगळ्या गल्लीने कोरडा दिवस पाळायचा. रविवारी सकाळी नळ येणारच होता, तेव्हा ताजं पाणी भरायचं, आणि अकराच्या सुमारास धोंडुबाई येतील तेव्हा गल्ली आरशासारखी दाखवायची.

ज्या गल्लीत एक दिवसाआड पाणी येतं तिथे भरलेलं बॅरेल ओतून देणं म्हणजे काय, हे चोवीस तास नळ असणाऱ्यांना कळायचं नाही. बायका बॅरेल कलंडवताना हळहळत होत्या. पाणी झाडांना गेलं, गाड्या धुतल्या गेल्या, पिराजींच्या म्हशींना दोनदा आंघोळ मिळाली आणि त्यांना त्याचं कारण कळलं नाही. आक्कांनी आपलं ते वऱ्हाडाचं बॅरेल काथ्याने आतून घासघासून लखलखीत केलं आणि दारात पालथं घातलं. गणपतराव मास्क लावून घरोघर फिरत होते आणि “अमुक घर कोरडं” असं फलाटावरच्या आवाजात पुकारत होते. ते बघताना जयसिंगरावांचा ऊर भरून आला. इतकी वर्षं शेजारी राहून आपण या माणसांना नुसतेच लाल स्टिकर लावत आलो, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळी अंजनाबाई गच्चीवर कपडे काढायला गेल्या. कोपऱ्यात दोन निळे ड्रम जुन्या चादरीखाली झाकून उभे होते.

“अहो, हे?”

“ते असू दे.”

“गल्लीला ओतायला लावलं आणि आपलं असू दे?”

“ते साठवलेलं पाणी न्हवं,” जयसिंगराव आवाज खाली आणत म्हणाले. “ते सोनमचं पाणी हाय. उद्या नळाला काय झालं तर बाळंतिणीला काय देणार? आणि झाकणं लावलेली हायत.”

झाकणं होती हे खरं. नळाची पाइप आत सोडायला त्यांनी प्रत्येक झाकणाला स्वतःच्या हाताने एकेक भोक पाडलं होतं. पाइप निघाली, भोक राहिलं. वर वर पाणी भरलं जायचं, तळ मात्र महिनोन् महिने कुणी बघितला नव्हता. कंपनीत असलं झाकण त्यांच्या टेबलावर आलं असतं तर पार मालकापर्यंत तक्रार गेली असती. अंजनाबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्याला जयसिंगराव नेहमीच भीत, पण या वेळी त्यांनी चादर अजून थोडी खाली ओढली.

रविवारी पहाटे गल्ली घागरी, कळश्या, पाइपा घेऊन नळापाशी सज्ज होती. नळाने आधी खाकरल्यासारखा आवाज केला, मग फुस्स केलं. हवा आली. नुसती हवा. थोड्या वेळाने गणपतरावांच्या मोबाइलवर निरोप आला आणि त्यांनी तो कट्ट्यावर उभं राहून खणखणीत पुकारला: “मोठी पाइपलाइन फुटलेली आहे. आजचं पाणी उद्या संध्याकाळी सुटण्याची शक्यता आहे. प्रवाशांनी, आपलं, नागरिकांनी नोंद घ्यावी.”

घराघरातून माणसं बाहेर आली आणि न बोलता जयसिंगरावांच्या दारापुढे जमली. बोलली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. कुणाचा चहा राहिला होता, कुणाची आंघोळ. पिराजींच्या म्हशी कोरड्या हौदात तोंड घालून हंबरत होत्या.

“आता काय करायचं सांगा, कोरडे साहेब,” कुणीतरी म्हणालं.

जयसिंगरावांची नजर आपोआप गच्चीकडे गेली आणि त्यांनी ती तशीच खाली आणली. सांगावं? सांगितलं तर काल का लपवलं? न सांगावं, तर या म्हशींकडे कसं बघायचं? त्यांच्या जिवाची अशी ओढाताण चाललेली असतानाच गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. इरकली साडी, हातात पिशवी आणि डोळ्यांवर नवा कोरा चष्मा. धोंडुबाई अकराला यायच्या त्या नऊलाच हजर झाल्या होत्या.

जमलेली गल्ली बघून त्या थबकल्या. “एवढं स्वागताला आलं व्हय समदी?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. गल्ली कितीही चिडलेली असली तरी बाहेरच्या पाव्हण्यासमोर आपल्या माणसाची उणी बाजू कुणी दाखवली नाही. आक्कांनी तर पुढे होऊन त्यांच्या हातातली पिशवीसुद्धा घेतली.

धोंडुबाई उंबऱ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि वाट बघू लागल्या. लांबून आलेल्या माणसाला दारात पाण्याचा तांब्या द्यायचा, पाय धुऊन, घोटभर पिऊन मग आत घ्यायचं, ही इकडची साधी रीत. विहीणबाईंना तर तो द्यायलाच हवा. जयसिंगरावांनी आत पाहिलं. अंजनाबाई रिकामा तांब्या हातात धरून उभ्या होत्या.

“घरात थेंब न्हाय,” त्या पुटपुटल्या. “मी खरंच पाळला कोरडा दिवस.”

आता मात्र जयसिंगरावांनी विचार केला नाही. तांब्या घेतला, जिना चढले, चादर उचलली, झाकण सरकवलं आणि तांब्या बुडवून तसेच धावत खाली आले. धापा टाकत त्यांनी तो दोन्ही हातांनी धोंडुबाईंपुढे धरला. “घ्या विहीणबाई. पाणी.”

गल्लीने माना उंचावल्या. पाणी कुठून आलं?

धोंडुबाईंनी पायांवर धार सोडली, मग तांब्या तोंडाकडे नेला आणि मध्येच थांबल्या. उन्हाकडे वळल्या, चष्मा सरळ केला, तांब्या थोडा कलता केला.

“पावणं,” त्या म्हणाल्या, “ह्यात हे काय नाचतंय?”

सगळ्यांच्या माना तांब्यावर वाकल्या. पाण्यात बारीक, काळपट, वळवळत वर येणाऱ्या आणि पुन्हा खाली जाणाऱ्या अळ्या होत्या. तेजस्वीच्या तक्त्यावर एका कोपऱ्यात त्या काढलेल्या होत्या, फक्त तिथे त्या हलत नव्हत्या.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे. सगळी गल्ली गच्चीवर चढली. पिराजींनी चादर ओढली, झाकण काढलं, आणि आतून डासांचा एक थवा निवांतपणे बाहेर पडून आक्कांच्या गिरणीच्या दिशेने निघून गेला. दोन्ही ड्रम वळवळत होते.

“म्हंजे समद्या गल्लीला डास हितनं पुरवठा होत होता,” धोंडुबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं, आणि तेच जास्त लागलं.

जयसिंगराव मान खाली घालून उभे राहिले. “ते सोनमसाठी ठेवलं होतं,” एवढंच ते म्हणाले. “सगळ्यांना ओतायला लावलं आणि माझं ठेवलं. चुकलं माझं. तुम्ही बोलला ते बरोबर, विहीणबाई. गडहिंग्लजलाच करा. मी येईन बघायला.”

आक्का पुढे आल्या. त्यांनी जयसिंगरावांच्या खिशात हात घातला, लाल स्टिकर सोडवला आणि सगळ्यांदेखत त्यांच्या छातीवर थापून बसवला. कुणी हसलं नाही. पिराजींनी पैलवानी जोर लावून एकेक ड्रम जिन्यावरून खाली उतरवला आणि मोकळ्या जागेच्या तापलेल्या मुरमावर ओतला. म्हशींनी आशेने माना वळवल्या, तेव्हा ते त्यांना म्हणाले, “न्हाय गं. ह्यात बी मासंच हायत.”

धोंडुबाई तेवढ्यात एकट्याच गल्ली बघून आल्या होत्या. प्रत्येक दारापुढे थांबल्या, प्रत्येक पालथं बॅरेल बोटाने वाजवून बघितलं, आक्कांच्या बॅरेलच्या तळावरून हात फिरवला. घसा कोरडा पडलेली माणसं दारादारात उभी होती, ती त्यांनी पाहिली. परत आल्या तेव्हा जयसिंगराव पायरीवर बसले होते, छातीवर स्टिकर तसाच.

“ह्या गल्लीतलं पाणी कुणी ओतलं?”

“आम्हीच,” आक्का म्हणाल्या. “सोनम यायची म्हणून.”

“आणि आता नळ न्हाय.”

“न्हाय.”

 धोंडुबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, तो फार मळला होता असं नाही. “गल्ली पास हाय,” त्या म्हणाल्या. “व्याही नापास. पण एका पोरीपायी घरात घोटभर पाणी न ठेवणारी माणसं मी कुठं बघितली न्हाईत. माझी सून हितं सुखात ऱ्हाईल. दसरा झाला की पाठवतो. फकस्त तो ड्रम परत दिसला तर त्याच रिक्षानं घिऊन जातो.”

जयसिंगराव पायरीवरून उठून उभे राहिले. अंजनाबाईंनी हळूच विचारलं, “पण बाळंतिणीला पाणी कसं पुरवायचं, विहीणबाई?”

“आम्ही काय मेलोय व्हय?” आक्का कडाडल्या. “घरटी एक घागर! रोजची ताजी!”

पाणी नसल्यामुळे चहाचा प्रश्न होताच. पिराजींनी नुसत्या दुधाचा चहा करून आणला. धोंडुबाईंनी कप हातात घेतला तेव्हा गणपतराव मास्कच्या आडून म्हणाले, “पाव्हणीबाई, निर्धास्त घ्या. आता परत शाकाहारी झालंय.” हे काय प्रकरण आहे ते धोंडुबाईंना सांगावं लागलं, आणि मग त्या इतक्या हसल्या की कप खाली ठेवावा लागला.

सोनम आली. आली त्या दिवशी गिरणीच्या पायरीवर बसली आणि वाकता येत नाही म्हणून आक्कांनी तिच्या पायातल्या चपला काढल्या. दर शनिवारी गल्ली कोरडी होऊ लागली. तपासणीची सुरुवात जयसिंगरावांच्या गच्चीपासून, आणि तपासणी अधिकारी गणपतराव. ते खोकताना आता मास्क काढत नसत, फक्त सगळ्यांना कळावं म्हणून आधी “खोकतोय” असं पुकारत. डास पुरते गेले असं म्हणता येणार नाही, पण संध्याकाळी दारात बसता येऊ लागलं. त्या वर्षी गल्लीत एकालाही डेंग्यू झाला नाही, त्यामुळे धुराची गाडी काही आली नाही.

सोनमला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली त्या सकाळी जयसिंगरावांनी दार उघडलं तर उंबऱ्यापासून फाटकापर्यंत घागरी लागल्या होत्या. तांब्याच्या, पितळेच्या, स्टीलच्या, एक प्लास्टिकची. पिराजींनी तर दुधाची मोठी किटली घासूनपुसून पाण्याने भरून आणली होती. आक्का पदर खोचून न्हाणीघरात केव्हाच जाऊन बसल्या होत्या आणि पाणी तापायला उशीर होतोय म्हणून ओरडत होत्या. जयसिंगराव सवयीने पहिल्या घागरीवर वाकले. तळ स्वच्छ दिसत होता. त्यांनी खिशातून ते जुनं हिरवं पाकीट काढलं आणि घागरीला स्टिकर लावला. मग दुसरीला, मग तिसरीला. किटलीपर्यंत पोचले तेव्हा पाकिटात एकच उरला होता. तो हातात धरून ते उभे असतानाच रिक्षा थांबली.

धोंडुबाई नात बघायला आल्या होत्या. उंबऱ्यापाशी थांबल्या. अंजनाबाईंनी आक्कांच्या घागरीतून तांब्या भरून जयसिंगरावांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो पुढे धरला.  धोंडुबाई उन्हाकडे वळल्या. चष्मा सरळ केला, तांब्या कलता केला, बराच वेळ आत बघत राहिल्या. मग तांब्या वर धरून सगळं पाणी घटाघटा प्यायल्या.

“पावणं,” तोंड पुसत त्या म्हणाल्या, “ते हातातलं हिकडं आणा बघू.”

आणि तो शेवटचा हिरवा स्टिकर त्यांनी जयसिंगरावांच्या शर्टावर, आक्कांनी लाल थापला होता बरोबर त्या जागी, अंगठ्याने दाबून बसवला. आत न्हाणीघरात बाळाने पहिल्या पाण्याला कडकडून टाहो फोडला होता. तो शर्ट जयसिंगरावांनी नंतर कितीतरी दिवस धुवायला टाकला नाही, आणि अंजनाबाईंनीही तो मागितला नाही.